ड्रुपल साइट मराठी केली तरी निम्मं पान इंग्रजीत, आणि केलेली भाषांतरं दर रिलीजला गायब

लक्षण असं. ड्रुपलमध्ये (वेबसाइट बांधायचं आणि चालवायचं सॉफ्टवेअर) भाषांच्या यादीत मराठी ॲड केलीये, भाषांतराची फाइल उतरलीये, पत्त्यात एमआर (मराठीचा भाषा-कोड) टाकून पान उघडलं की लॉगिनचं बटण मराठी, शोधाची चौकट मराठी, पण मेनूतलं एखादं नाव इंग्रजी, बाजूच्या ब्लॉकचं शीर्षक इंग्रजी, आणि खाली बातम्यांच्या यादीत तीच बातमी दोनदा, एकदा मराठीत एकदा इंग्रजीत. मग कोणीतरी एक अख्खा दिवस बसून सगळं जागेवर आणतं, दोन-तीन आठवडे बरं चालतं, पुढचं रिलीज जातं आणि ये रे माझ्या मागल्या, "साइट परत इंग्रजी झाली".

मी हे तीन साइटवर निस्तरलंय, त्यातल्या एकीवर तर चार वेळा, तीच भाषांतरं तशीच्या तशी परत टाइप करून. पहिल्या तीन वेळा मी काय केलं? कॅश (ड्रुपलने तयार करून साठवलेली पानं) उडवला. मग परत उडवला. मग भाषा डिलीट करून परत ॲड करायचा विचार केला (हे चुकूनही करू नका, भाषा काढली की त्या भाषेतली इंटरफेसची आणि कॉन्फिगची भाषांतरं तिच्याबरोबर जातात). आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, असा प्रकार होता. चौथ्या वेळेला डोकं शांत ठेवून इंग्रजीत गेलेल्या प्रत्येक शब्दापुढे लिहून काढलं की हा शब्द ड्रुपलमध्ये राहतो कुठे, आणि अर्ध्या तासात कारण हाती लागलं. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

खालचं सगळं ड्रुपल ८ आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांसाठी आहे. ड्रुपल ८ नोव्हेंबर २०१५ मध्ये आलं आणि तेव्हापासून भाषांची चारही मॉड्यूल कोअरमध्येच, म्हणजे मूळ ड्रुपलमध्येच आहेत. सातवर अजून असाल तर तिथली व्यवस्था निराळी, बाहेरची मॉड्यूल लावून केलेली, आणि तसंही सातचा सपोर्ट ५ जानेवारी २०२५ ला संपला, तेव्हा तिथे भाषांतर दुरुस्त करत बसण्यापेक्षा वेळ मायग्रेशनला द्या.

शब्द राहतो कुठे

चार मॉड्यूलपैकी लँग्वेज हे फक्त भाषा ॲड करायला आणि कुठल्या पानाला कुठली भाषा ते ठरवायला. उरलेली तीन म्हणजे तीन वेगळी घरं. इंटरफेस ट्रान्सलेशनमध्ये कोडातून आलेले शब्द, म्हणजे बटणं, एरर मेसेज वगैरे. कंटेंट ट्रान्सलेशनमध्ये माणसांनी लिहिलेला मजकूर, म्हणजे नोड (लेख, बातमी असं एकेक पान), टॅक्सोनॉमीच्या टर्म (वर्गवारीचे शब्द), मेनूतल्या हाताने टाकलेल्या लिंक. कॉन्फिगरेशन ट्रान्सलेशनमध्ये साइट बांधताना ॲडमिनमधून दिलेली नावं, म्हणजे साइटचं नाव, फील्डची लेबलं, व्ह्यूची (ड्रुपल आपोआप बनवतं त्या याद्यांची) शीर्षकं, ब्लॉकची शीर्षकं, तारखेचे फॉरमॅट. तिन्हींची भाषांतरं करायची पानं वेगळी, साठवायच्या जागा वेगळ्या, आणि ती हरवायची कारणंही वेगळी. गोची अशी की पान बघून यातलं काहीच कळत नाही.

एकाच मेनूतली तीन नावं घ्या, माझ्याकडे अगदी अशीच होती. होम, अबाउट अस, न्यूज. शेजारी शेजारी, एकाच फॉन्टात.

होम हे स्टँडर्ड प्रोफाइलच्या कोडातून आलेलं होतं, त्यामुळे त्याचं मराठी 'ट्रान्सलेट इंटरफेस'च्या पानावर. अबाउट अस ही लिंक कोणीतरी मेनूच्या ॲडमिनमध्ये जाऊन टाकलेली, म्हणजे ती कंटेंट, नोडसारखीच एक एंटिटी, आणि तिच्यासाठी आधी 'कंटेंट लँग्वेज अँड ट्रान्सलेशन'च्या पानावर कस्टम मेनू लिंक या प्रकाराला टिक करावी लागते, तेव्हा कुठे तिच्या एडिटपाशी ट्रान्सलेट दिसायला लागतं. आणि न्यूज? ते बातम्यांच्या व्ह्यूने आपल्या पेज डिस्प्लेतून मेनूला दिलेलं नाव, म्हणजे कॉन्फिग, म्हणून त्याचं मराठी त्या व्ह्यूच्या ट्रान्सलेटमध्ये, डिस्प्लेच्या सेटिंगच्या खूप खाली कुठेतरी दडलेलं. ते शोधायला मला पहिल्यांदा पाऊण तास लागला होता, सांगायला लाज वाटते.

कुठली लिंक कुठली हे ओळखायला मेनूच्या एडिट पानावर जा. लिंकपुढे डिलीट असेल तर ती हाताने टाकलेली. डिलीट नसेल तर एडिट उघडा, तिथे वरतीच लिहिलेलं असतं की ही लिंक अमुक मॉड्यूल पुरवतंय, आणि तिथे व्ह्यूजचं नाव आलं की व्ह्यूमध्ये जायचं.

ब्लॉकचंही तसंच अर्धं-अर्धं. आपण लिहिलेल्या ब्लॉकचा आतला मजकूर कंटेंट, पण त्याच्या डोक्यावरचं शीर्षक हे ब्लॉक जागेवर ठेवताना दिलेलं, म्हणजे कॉन्फिग. म्हणून 'मजकूर मराठी, शीर्षक इंग्रजी' ही तक्रार सगळ्यात जास्त येते. ब्लॉक लेआउटच्या यादीत त्या ब्लॉकच्या कॉन्फिगरशेजारचा बाण दाबला की ट्रान्सलेट सापडेल.

दर रिलीजला का जातं

आता मूळ दुखणं. इंग्रजीत परत गेलेल्या गोष्टींची यादी करा. माझ्या यादीत होतं: साइटचं नाव, दोन ब्लॉकची शीर्षकं, न्यूज, संपर्काच्या फॉर्मची लेबलं. आणि न गेलेल्या गोष्टी? सगळे नोड शाबूत, अबाउट अस शाबूत, होम शाबूत, बटणं शाबूत. म्हणजे जे जे गेलं ते सगळं कॉन्फिग, आणि दुसऱ्या दोन घरांना धक्कासुद्धा नाही. तुमचीही यादी अशी दिसत असेल तर कारण हेच, पुढे वाचा.

कॉन्फिगची भाषांतरं डेटाबेसमध्ये मूळ कॉन्फिगच्या शेजारी एका वेगळ्या कलेक्शनमध्ये बसतात, मराठीसाठी त्याचं नाव लँग्वेज डॉट एमआर. कॉन्फिग एक्सपोर्ट केलं की सिंक फोल्डरच्या (कॉन्फिगच्या फाइली ठेवायची जागा) आत लँग्वेज नावाचं फोल्डर बनतं, त्यात एमआर, आणि त्यात फक्त भाषांतर झालेल्या ओळींच्या छोट्या छोट्या फाइली. आता होतं काय, की भाषांतर करणारी मंडळी बसतात लाइव्ह साइटवर, कारण त्यांना तेवढंच लॉगिन दिलेलं असतं. डेव्हलपरच्या गिटमध्ये (कोड साठवायच्या जागेत) त्या फाइली कधी पोचतच नाहीत. रिलीजच्या वेळी सर्व्हरवर कॉन्फिग इम्पोर्ट चालतं, आणि इम्पोर्टचा अर्थच मुळी 'सिंक फोल्डरमध्ये जसं आहे तसं साइटवर कर', त्यामुळे फोल्डरमध्ये नसलेलं साइटवर असेल तर ते उडवून टाकायचं. ड्रुपल अगदी सांगितलेलं काम इमानदारीत करतंय.

बरं, ते चोरून पण करत नाही. ड्रशने (ड्रुपलला कमांड द्यायचं साधन) इम्पोर्ट चालवलं की आधी एक तक्ता दाखवतं, तीन कॉलम, कलेक्शन, कॉन्फिग आणि ऑपरेशन. पहिल्या कॉलममध्ये लँग्वेज डॉट एमआर आणि शेवटच्यात डिलीट, अशा ओळी दिसल्या की समजायचं आपली भाषांतरं चालली. आमच्या डिप्लॉयच्या स्क्रिप्टमध्ये त्या कमांडला 'सगळ्याला हो' म्हणणारा पर्याय जोडलेला होता, त्यामुळे तो तक्ता लॉगमध्ये छापला जायचा आणि कोणीच वाचायचं नाही. जुने लॉग उघडून बघितले तर चारही रिलीजला त्या ओळी ठळकपणे तिथे होत्या, नावासकट. मी स्वतः ती स्क्रिप्ट लिहिली होती, तेव्हा दुसऱ्या कोणावर चिडायची सोय नव्हती.

उपाय दोन. पहिला, आणि मला पटणारा, म्हणजे कॉन्फिगची भाषांतरं लाइव्हवर करायचीच नाहीत, स्टेजिंगवर (चाचणीच्या साइटवर) किंवा लोकलवर (आपल्या संगणकावर) करायची, एक्सपोर्ट करायची, गिटमध्ये टाकायची, बाकीच्या कोडाबरोबर जाऊ द्यायची. फील्डचं लेबल मराठीत बदलणं हे साइट बांधण्याचंच काम आहे, मजकूर लिहिण्याचं नाही. दुसरा उपाय, लोकांना लाइव्हवरच करायचं असेल तर रिलीजच्या आधी लाइव्हवरून एक्सपोर्ट घ्या, लँग्वेज फोल्डरमधला फरक गिटमध्ये आणा आणि मगच पुढे जा. कॉन्फिग इग्नोर नावाचं मॉड्यूलही आहे, त्याने ठराविक कॉन्फिग इम्पोर्टमधून वगळता येतं, पण ते लावलं की सहा महिन्यांनी कोणालाच आठवत नाही काय काय वगळलंय आणि वेगळेच घोळ सुरू होतात, म्हणून अगदी एक-दोन गोष्टींपुरतंच.

आत्ता लगेच काय करायचं तर गेलेली भाषांतरं जुन्या बॅकअपमधून काढता येतात का बघा. बॅकअपचा डेटाबेस लोकलवर चढवा, तिथे कॉन्फिग एक्सपोर्ट करा, फक्त लँग्वेजचं फोल्डर उचलून आणा. परत टाइप करण्यापेक्षा कितीतरी बरं. फक्त मध्यल्या काळात काढून टाकलेले ब्लॉक किंवा व्ह्यू असतील तर त्यांच्या फाइली त्यातून वगळा.

शब्द माझे जातात आणि वेगळेच मराठी शब्द येतात

ही दुसरी तक्रार, ऐकायला सारखी पण घर वेगळं. समजा उतरवलेल्या फाइलीत सबमिटला 'सादर करा' आहे, तुम्हाला 'पाठवा' हवंय, तुम्ही बदललं, आणि मॉड्यूल अपडेट झाल्यावर परत 'सादर करा'. इथे कॉन्फिग इम्पोर्टचा संबंध नाही. इंटरफेस ट्रान्सलेशनच्या सेटिंगमध्ये इम्पोर्ट बिहेवियर म्हणून तीन पर्याय आहेत: असलेलं काहीच बदलू नको, फक्त इम्पोर्टने आलेलं बदल आणि हाताने केलेलं राहू दे, किंवा सरसकट सगळं बदल. तिसरा निवडलेला असेल तर दर वेळी पाटी कोरी. मधला ठेवा.

पण मधला ठेवूनही शब्द जात असतील तर तुम्ही ते कसे टाकले होते ते आठवा. ट्रान्सलेट इंटरफेसच्या पानावर एकेक बदललं असेल तर ड्रुपल त्यावर 'हाताने केलेलं' असा शिक्का आपोआप मारतं. पीओ फाइल (भाषांतरांची यादी असलेली फाइल) बनवून इम्पोर्टच्या पानावरून चढवली असेल तर तिथे 'या ओळी कस्टम भाषांतर समजा' अशा अर्थाची एक टिक आहे, आणि ती केली नसेल तर तुमची दोनशे ओळींची मेहनत ड्रुपलच्या लेखी बाहेरून उतरवलेल्या फाइलीसारखीच, म्हणजे पुढच्या अपडेटला बदलायला मोकळी. फाइल परत चढवा, या वेळी टिक करून, आणि आधीच्या भाषांतरांवर लिहायची परवानगी देणारी टिकही करा, नाहीतर जुनं तसंच राहील.

ट्रान्सलेट इंटरफेसच्या पानावर शब्दच सापडत नाही म्हणणारेही खूप असतात. तिथला शोध लहान-मोठ्या लिपीत फरक करतो, मोठ्या आर-ने सुरू होणारा रीड मोअर लहान आर-ने शोधला तर रिकामी यादी येते. दुसरं, कोडातला शब्द त्या यादीत येतो तो पहिल्यांदा इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेत मागितला गेल्यावर, म्हणून नवीन मॉड्यूल टाकल्यावर आधी त्याचं पान मराठीत एकदा उघडा, मग शोधा. तिसरं, वाक्यात मध्येच नाव किंवा आकडा येत असेल तर तिथे अ‍ॅट-चिन्हाचा प्लेसहोल्डर असतो, पानावर दिसतं तसं पूर्ण वाक्य शोधून मिळणार नाही, सुरुवातीचे दोन शब्द टाका.

एवढं करूनही नाही मिळालं तर थीमची ट्विग फाइल (पानाचा साचा) उघडा. नव्याण्णव टक्के वेळा थीम करणाऱ्याने शब्द तिथे नुसताच लिहून ठेवलेला असतो, भाषांतराच्या टी फिल्टरमधून न काढता. तो शब्द ड्रुपलला माहीतच नाही, तो फक्त छापला जातो. ट्विगमध्ये फिल्टर लावा, ॲडमिनमध्ये कितीही शोधलं तरी व्यर्थ आहे.

जावास्क्रिप्टमधले शब्द ड्रुपल वेगळ्या फाइलीत काढून ठेवतं, पब्लिक फाइल्सच्या आत लँग्वेजेस नावाच्या फोल्डरमध्ये. सर्व्हर हलवल्यावर फक्त तेवढेच शब्द इंग्रजी झाले तर त्या फोल्डरची लिहायची परवानगी तपासा. आणि नवीन भाषांतरं उतरतच नसतील तर शेजारच्या ट्रान्सलेशन्स फोल्डरची, किंवा सर्व्हरवरून बाहेर जाणारी कनेक्शन बंद आहेत का ते.

साइटचं इंग्रजी नाव कोणी खाल्लं

मराठी पत्त्यावरून ॲडमिनमध्ये शिरायचं, साइटच्या बेसिक सेटिंग उघडायच्या, नाव मराठीत लिहायचं, सेव्ह. मराठीत छान दिसतं, मग इंग्रजी पान उघडलं तर तिथेही मराठी! सेटिंगचे फॉर्म नेहमी मूळ कॉन्फिग उघडतात, तुम्ही कुठल्या भाषेच्या पत्त्यावरून आलात याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. भाषांतर करायचं तर त्याच पानावरचा ट्रान्सलेट टॅब. ब्लॉक, व्ह्यू, फील्ड, सगळीकडे हाच नियम. नवीन संपादकाला मी पहिल्या दिवशी सांगतो, एडिटमध्ये मराठी लिहायचं नाही, ट्रान्सलेटमध्ये लिहायचं, आणि तरी महिन्याभरात एकदा हे होतंच.

नोडचे घोळ

नोडवर ट्रान्सलेट टॅबच नाही. बघा त्या नोडची भाषा 'नॉट स्पेसिफाइड' आहे का. जुन्या साइटवरून मजकूर इम्पोर्ट केला की हे हमखास होतं, आणि ज्याला भाषाच नाही त्याचं भाषांतर ड्रुपल करू देत नाही. आधी भाषा द्या.

मराठीत लिहिलेली बातमी मराठी यादीत नाही पण इंग्रजी यादीत दिसते. हे फार कॉमन आहे. कंटेंट लँग्वेजच्या पानावर प्रत्येक प्रकाराला डिफॉल्ट भाषा असते, आणि ती 'साइटची डिफॉल्ट भाषा' असेल तर संपादकाने भाषेचा ड्रॉपडाउन न बघता लिहिलेली मराठी बातमी ड्रुपलच्या नोंदीत इंग्रजी. एडिट उघडून भाषा मराठी करा, त्या नोडचं मराठी भाषांतर आधीपासून नसेल तर बदलता येते. आणि डिफॉल्ट बदलून 'पानाची सध्याची इंटरफेस भाषा' करा, म्हणजे मराठी पत्त्यावरून लिहिलेलं मराठीच धरलं जाईल. भाषेचा ड्रॉपडाउन फॉर्मवर दिसू द्या, लपवू नका.

मराठीत फोटो बदलला, इंग्रजीतलाही बदलला. फील्डला भाषांतराची टिक नसेल तर तिची किंमत सगळ्या भाषांत एकच असते. फोटोच्या फील्डमध्ये तर फाइल, ऑल्ट आणि टायटल अशा वेगवेगळ्या टिक असतात, आणि बहुतेक वेळा बरोबर ते हे की फाइल सामायिक ठेवायची, ऑल्ट आणि टायटलला टिक करायची.

पॅराग्राफ्स मॉड्यूल (नोडचा मजकूर तुकड्यातुकड्यांत बांधू देणारं) वापरणाऱ्यांनी इथे जरा थांबा. नोडवरचं पॅराग्राफचं फील्ड भाषांतरासाठी टिक करायचं नाही. हो, वाचायला उलटं वाटतं. टिक करायची ती पॅराग्राफच्या आतल्या फील्डना, मजकूर, शीर्षक वगैरे. बाहेरचं फील्डही टिक केलं की प्रत्येक भाषेसाठी पॅराग्राफचे वेगळे संच होतात, मग मराठीतला एक परिच्छेद काढला की इंग्रजी वेगळं वागतं, रिव्हिजनमध्ये गोंधळ, आणि हे नंतर निस्तरणं म्हणजे हाताने मजकूर उचलून दुसरीकडे ठेवणं. मॉड्यूल करणाऱ्यांनी त्या फील्डपुढे 'सपोर्ट नाही' अशी सूचना लिहून ठेवलीये, पण दीडशे टिक असलेल्या पानावर कोण वाचतंय. मला ज्या साइटवर हा घोळ मिळाला ती आधी दुसऱ्याच कोणीतरी बांधलेली होती आणि तिथे वरपासून खालपर्यंत प्रत्येक चौकट टिक केलेली, बहुधा 'राहून जायला नको' म्हणून.

व्ह्यूमध्ये तीच बातमी दोनदा. डेटाबेसमध्ये नोडच्या प्रत्येक भाषांतराची वेगळी ओळ असते आणि व्ह्यू ओळी मोजतं. फिल्टरमध्ये 'ट्रान्सलेशन लँग्वेज' ॲड करा आणि किंमत 'पानाची इंटरफेस भाषा' किंवा 'पानाची कंटेंट भाषा' ठेवा, थेट मराठी नका निवडू, नाहीतर इंग्रजी पानावर पण मराठीच येईल. मग पुढची तक्रार येते की भाषांतर न झालेल्या बातम्या मराठी यादीतून गायबच झाल्या. बरोबरच आहे ना, त्यांची मराठी ओळच नाही. त्या इंग्रजीत का होईना दिसायला हव्या असतील तर त्या फिल्टरऐवजी 'डिफॉल्ट ट्रान्सलेशन' हा फिल्टर लावा, म्हणजे प्रत्येक नोडची मूळ ओळ एकदाच येईल, आणि रेंडरिंग लँग्वेज पानाच्या भाषेवर ठेवा, म्हणजे भाषांतर असेल तिथे मराठी, नसेल तिथे मूळ.

भाषा बदलायच्या ब्लॉकबद्दल पण एक. भाषांतर नसलं तरी त्यात मराठीची लिंक दिसते, आणि ती दाबली की चौकट मराठी, आत मजकूर इंग्रजी. हा बिघाड नाहीये, त्या नोडचं भाषांतर कोणी केलेलंच नाही एवढाच अर्थ.

भाषा बदलायची लिंक दाबली, काहीच होत नाही

हे साधारणपणे फक्त लॉगिन केलेल्यांना होतं, म्हणून टेस्टिंगमध्ये एकाला दिसतं आणि दुसऱ्याला नाही. डिटेक्शन अँड सिलेक्शनच्या पानावर पद्धती वरून खाली या क्रमाने तपासल्या जातात आणि जिचं उत्तर पहिल्यांदा येईल ती जिंकते. तिथे यूझर ही पद्धत यूआरएलच्या वर असेल तर प्रोफाइलमधली भाषा जिंकली, पत्त्यात काहीही असो. सेशन वर असेल तर कधीतरी एकदा निवडलेली भाषा चिकटून बसते. यूआरएल नेहमी वर ठेवा. त्याच्याही वर ठेवण्यासारखी एकच गोष्ट, ॲकाउंट ॲडमिनिस्ट्रेशन पेजेस, कारण त्याने ॲडमिनची पानं इंग्रजी ठेवून बाकी साइट मराठी वापरता येते, आणि असे पोस्ट वाचून सेटिंग शोधायच्या तर इंग्रजी ॲडमिन फार सोयीचं पडतं.

प्रीफिक्स (पत्त्यातला भाषेचा तुकडा, एमआरसारखा) दोन्ही भाषांना द्या. इंग्रजीचा रिकामा ठेवला तर प्रीफिक्स नसलेल्या आतल्या पानांना यूआरएलवरून उत्तर मिळत नाही, निर्णय खालच्या पद्धतींकडे घसरतो, आणि एकच लिंक दोन माणसांना दोन भाषांत उघडते. फक्त साइट चालू झालेली असेल तर जुने पत्ते रीडायरेक्ट करायला विसरू नका. ब्राउझरवरून भाषा ओळखायची पद्धत मी बंदच ठेवतो, ती चालली की अनामिक पाहुण्यांसाठीचा पेज कॅश ड्रुपल त्या पानापुरता स्वतःच बंद करतं, आणि साइट का मंदावली हे शोधण्यात दुसरा आठवडा जातो.

आता कॅश. खरोखर कॅशमुळे भाषा चुकते ती बहुतेक आपण लिहिलेल्या कोडात. रेंडर होणाऱ्या प्रत्येक तुकड्याला इंटरफेस भाषेचा कॅश कॉन्टेक्स्ट (कशानुसार वेगळी प्रत साठवायची ही खूण) आपोआप लागतो, कंटेंट भाषेचा लागत नाही. या दोन भाषा तुम्ही वेगवेगळ्या ठेवल्या असतील तर आपल्या ब्लॉकला कंटेंट भाषेचा कॉन्टेक्स्ट हाताने द्यावा लागतो, नाहीतर जो पहिला आला त्याच्या भाषेतलं सगळ्यांना. आणि त्याच कोडात नोड लोड करून सरळ टायटल छापलं असेल तर ते मूळ भाषेतलंच येणार, एंटिटी रिपॉझिटरीकडून पानाच्या भाषेतलं भाषांतर मागून घ्या मग छापा.

राहिले ईमेल. पासवर्ड रीसेटचा मेल मराठी पानावरून मागवला तरी इंग्रजीतच आला, असं होतं. तो मजकूर ॲकाउंट सेटिंगमधला, म्हणजे कॉन्फिग, त्याचा ट्रान्सलेट टॅब भरा. भरूनही इंग्रजी येत असेल तर त्या माणसाच्या प्रोफाइलमधली साइट लँग्वेज बघा, मेल त्या भाषेत जातो, पानाच्या भाषेत नाही. जुन्या सगळ्या खात्यांवर तिथे इंग्रजी असणार, कारण ती मराठी ॲड करायच्या आधी उघडलेली, आणि ती एकेक हाताने बदलायच्या भानगडीत पडू नका, पोस्ट अपडेट हुकमध्ये (अपडेटच्या वेळी एकदाच चालणाऱ्या कोडात) दहा ओळींत होतं.